सासूबाईंचा घोटा

घोट्याच्या व्यायामाचा विषय काढलात म्हणून सांगते. माझ्या सासूबाई नेरूळच्या शिरवणे गावच्या. जन्मभर मिठागरात अनवाणी चिखल तुडवला, पण पाय कधी मुरगळला नाही. नेरूळ नवीन वसत होतं, तेव्हा जमीन गेली, आम्ही फ्लॅटमध्ये आलो आणि सपाट लादीवर त्यांचा घोटा सारखा लचकायला लागला. जवळच्या नव्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होता. म्हणाला, "आजी, घोटे कमजोर झालेत. रोज ओल्या, मऊ मातीत बोटं रुतवून चाला."

सासूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "डाक्टर, तुमची खुर्ची हाय ना, तितंच आमचं मिठागर व्हतं."

डॉक्टरने नकळत खुर्ची मागे सरकवली. खाली चकचकीत लादी. मग हळूच म्हणाला, "घरात जुनी उशी आहे का? तिच्यावर उभ्या राहा."