बर्फावर ठेवलेला पाय

माझा जन्म बोईसरजवळच्या, समुद्रकाठच्या नवापूरचा, मच्छीमाराच्या घरातला. वडिलांच्या हाताखाली मी बोटीवर गेलो आणि माझ्या हाताखाली धाकटा भाऊ जनू. मासा बर्फात असेपर्यंत खराब होत नाही, हे शहाणपण आम्हाला लहानपणीच मिळतं, आणि मी त्याच्यावरच विसंबलो.

जाळं ओढताना तार तुटून जनूच्या गुडघ्यामागे लागली. फडकं दाबून धरलं, रक्त थांबलं, मग बोट किनाऱ्याकडे वळवली आणि त्याचा पाय बर्फावर ठेवला, का, तर टिकावा म्हणून. तो म्हणाला, दादा, मी काय पापलेट हाय का, आणि काय सांगू तुम्हाला, आम्ही दोघंही हसलो. पुढे म्हणाला, आता दुखत नाय, पाय माझा हाय का नाय तेच कळत नाय. मला बरंच वाटलं. पाऊल पांढरं, गार पडलं होतं. बर्फानं झालं असेल, असं मी समजलो.

बोईसरला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाय बर्फाआधी गार होता की नंतर झाला? मला सांगता येईना. त्या म्हणाल्या, मोठी रक्तवाहिनी आत फाटली आहे, खाली रक्त जात नाही. रक्तच प्राणवायू नेतं, त्याच्यावाचून स्नायू गुदमरतो, संवेदना जाते, म्हणून दुखणं थांबलं. बर्फानं वाहिन्या आणखी आकसल्या आणि गार पडण्याची खूणही झाकली गेली. मासा मेलेला असतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या पायातली शीर काढून त्यांनी ती वाहिनी सांधली. रक्त पोचलं, तरी पोटरी लांब चिरून उघडी ठेवली. मी भीत भीत विचारलं, रक्त आलं ना, मग पुन्हा का कापलं? म्हणाल्या, उपाशी स्नायूला रक्त मिळालं की तो सुजतो, भोवतीचं आवरण ताणलं जात नाही, मग तो आतल्या आत पुन्हा दबतो. त्याला जागा करून दिली. मी कितीतरी वेळ त्या पोटरीचाच विचार करत बसलो, जे मिळालं त्यानंच गुदमरायचं, असंही असतं.

पाय वाचला, थोडा स्नायू गेला, पाऊल नीट उचलत नाही. जनू आता बोटीवर येत नाही, किनाऱ्यावर जाळी विणतो. एकदा विचारलं, राग हाय का रे माझ्यावर? हाय, म्हणाला, म्हणून तर तुझी फाटकी जाळी सगळ्यात शेवटी घेतो.

घेऊ दे. मी शेजारी बसून राहतो, आणि त्याचं लक्ष नसताना पावलाला हात लावून बघतो. उबदार लागतं. तेवढी ऊब देवानं त्याला जन्मभर द्यावी.