वामन सरांचा खुला बाजार

मला एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? सरकारवर ठेवू नका, असं वामन सर मला पाच वर्षं सांगत होते आणि मी नाही ठेवला... पण 'माझ्यावरही ठेवू नका' असं म्हणाले का ते? नाही ना म्हणाले! बसा, बसा, चहा येतोय, आपल्याच दुकानातली पत्ती आहे. बडोद्यात अलकापुरीला बावीस वर्षं चहापत्ती विकतोय हा हिंमतराव, शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला, पण माणूस बरोबर ओळखतो... म्हणजे, ओळखायचो.

तर वामन सर. तिकडे समा भागात राहतात, अर्थशास्त्राचे मोठे पंडित, दोन जाड पुस्तकं लिहिलीयेत आणि दोन्हींत सांगितलंय एकच, की सरकारनं फौज ठेवावी, कोर्ट ठेवावं आणि बाकी सगळ्यातून हात काढून घ्यावा. रेशन नको, सबसिडी नको, परवाना तर नकोच नको! दर शनिवारी माझ्या काउंटरला कोपर टेकून उभे राहायचे. 'हिंमतराव, परवाना म्हणजे काय? तुमचाच हक्क तुमच्याकडून काढून घ्यायचा आणि शिक्का मारून परत तुम्हालाच विकायचा!' वा! तुम्हाला सांगतो, पत्ती जोखता जोखता अंगावर काटा यायचा. मी म्हणायचो, 'पण सर, कुणी भेसळ केली तर?' 'गिऱ्हाईक फिरकणार नाही. बाजार बघून घेईल.' 'आणि कुणी भाव पाडले तर?' 'बाजार बघून घेईल.'

आता आमच्या लाइनीतल्या दुकानदारांचं एक मंडळ आहे, धवलभाई त्याचे प्रमुख. सुट्ट्या ठरवायच्या, अडीअडचणीला धावायचं, एवढंच. सर म्हणाले, 'मंडळ म्हणजे सरकारचं धाकटं भावंड!' झालं, मी दिला राजीनामा. धवलभाई बिचारे हात जोडून, 'हिंमतभाई, रहेवा दो ने! उद्या काही झालं तर एकटे काय करशो?' मी छाती काढून म्हटलं, 'बाजार बघून घेईल!'

आणि मंडळाची सुट्टी पहिली मोडली ती कधी? वासी उत्तरायणला! अहो, उत्तरायणचा दुसरा दिवस, अख्खं बडोदं पतंग घेऊन गच्चीवर, कुत्रंसुद्धा रस्त्यावर नाही, आणि मी एकटा शटर उघडून, उदबत्ती लावून बसलेला. दिवसभरात गिऱ्हाईक एक. ते विचारतंय, 'बोटाला लावायची पट्टी छे?' सरांना फोन लावला, तर मागून 'काप्यो छे!' अशी आरोळी. म्हटलं, 'सर, कुठे आहात?' 'गच्चीवर, फिरकी धरलीये.' 'सर, सुट्टी?' 'अहो, माझी सुट्टी ऐच्छिक आहे!'

तेव्हा तरी डोळे उघडावेत की नाही? नाही उघडले. उलट घरी बोलावलं सरांना, आमच्या मोहनाला चार शब्द सांगा म्हणून. मोहना माझी मुलगी, बाजव्याला एका कंपनीत कामाला, पण मनात कायम स्वतःची चहाची गाडी. सर म्हणाले, 'बेटा, गिऱ्हाईक जिथे, दुकान तिथे! परवानगी कुणाची मागतेस?' पोरीनं महिनाअखेरीला राजीनामा दिला हो! चकचकीत स्टीलची गाडी केली आणि लावली कुठे? समाला, सरांच्याच सोसायटीच्या गेटाशी. म्हटलं, गुरूचा आशीर्वाद!

अकराव्या दिवशी महापालिकेनं गाडी उचलली.

मी धावत कचेरीत. तिथल्या साहेबांनी तक्रारीचा कागद पुढे सरकवला, पहिली सही... वामन सर! वर सुवाच्य अक्षरात, 'प्रशासनाने तातडीने हस्तक्षेप करावा.' हस्तक्षेप! हा शब्द मी सरांच्या तोंडून शिवी म्हणून शिकलो होतो!

तसाच गेलो त्यांच्या घरी. 'सर, हे काय?' 'हिंमतराव, तत्त्व वेगळं आणि गेट वेगळं. गर्दीतून मला बाहेर पडता येत नाही.' 'मग बाजार बघून घेणार होता ना?' 'बघेल की! पण बाजाराला वेळ लागतो, मला साडेपाचला फिरायला जायचं असतं.' आतून नलिनीवहिनी कडाडल्या, 'काय त्यांना शिकवताय! तुमचे आजोबा संस्थानच्या कचेरीत, वडील रेल्वेत, तुम्ही स्कॉलरशिपवर शिकलात, चौतीस वर्षं सरकारी कॉलेजात काढलीत! पेन्शन एक दिवस लांबली की बाजार नाही जात बघायला, तुम्हीच जाता बँकेत!' सर चष्मा पुसून मला म्हणतात, 'बरं, तुमची गाडी उभी होती ती जागा कुणाची?' आता आली का पंचाईत? फुटपाथ महापालिकेचा, भाडं शून्य... मी पाणी प्यायलो आणि निघालो.

शेवटी गेलो कुणाकडे? धवलभाईंकडे, मान खाली घालून. वाटलं, वासी उत्तरायण काढतील. त्यांनी नाही काढलं, 'आवो, बेसो' म्हणाले, पाण्याचा ग्लास पुढे केला, मंडळाची चार माणसं घेऊन महापालिकेत गेले, दंड भरला, गाडी सोडवली, गेटापासून जरा पुढे रीतसर जागा मिळवून दिली. मोहनानं परवाना काचेत बसवून गाडीवर टांगलाय. आणि आता तिथे रोज साडेपाचला कोण येतं? सर! त्या परवान्याखाली उभं राहून, बशीत चहा ओतून माझ्या पोरीला समजावतात, की परवाना म्हणजे लूट.

चहाचे पैसे मात्र रोख देतात, हे सांगायलाच हवं. मी आपला घरी आलो आणि सरांचं ऐकून ठेवलेली हिशेबाची वही उघडली, सरकारनं माझं काय घेतलं ते मोठ्या अक्षरात लिहिलेलंच होतं, समोरची बाजू कोरी... तिथे तो फुटपाथ लिहिला, अकरा दिवस. मग रस्ता, मग मोहनाची शाळा. लिहिता लिहिता पान भरलं हो! तेव्हा तुम्हाला एवढीच विनंती. सरकारला शिव्या घाला, खुशाल घाला, मीही घालतो, पण हिशेब प्रामाणिक ठेवा, आपण काय दिलं त्याच्याशेजारी आपल्याला काय मिळालं तेही लिहा. अर्धी वही घेऊन माझ्या काउंटरला टेकू नका... चांगलं बोललात, तर मी पुन्हा विश्वास ठेवीन.