सासूनं मशीनले तेल टाकलं

अवं, मले तर रडूच फुटलं होतं! मूल गावच्या दुकानातून जिंदगीतली पयली शिलाई मशीन आनली. दुकानदार बोलला, "नवीन शिकून राह्यल्या ना बाई, मंग मोटरवाली नको, पायाची घ्या. आन तेल टाकत राहा."

संध्याकाळी सासूनंच हौसेनं तेल टाकलं. मस्त चालली. सकाळी थंडीत पाहतो तं चाक हालेच नाई! इकडे नणंदेचं लग्नाचं ब्लाऊज कापून ठेवलेलं. मिस्त्रीले बोलावलं. त्यानं मशीन खोलली आन हबकलाच.

"बाई, याच्यात तूप कोनं ओतलं?"

सासू म्हने, "तूप काऊन ओतीन? मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल आहे. माह्या गुडघ्याले हेच लावतो."

"थंडीत गोठते ना ते, मायबाई!"

"मंग उनात ठेव न भाऊ तिले. माहे गुडघे तरी उनाशिवाय कुठी हालतात?"