लॅपटॉपवर बरोबर दिसणारे आप्पा

...आन् वर तोंड करून म्हणतो काय, "लॅपटॉपवर बरोबर दिसत होतं!" अरं बाबा, मांडवगण फराट्यात लग्नाची पत्रिका लॅपटॉपवर कोण बघतं? टपरीवर, उसाच्या बांधावर, म्हशीची धार काढता काढता माणूस मोबाईलच बघतो का न्हाई? पण आमच्या शेजारच्या मल्हारला कोण सांगणार! पुण्याच्या कंपनीच्या वेबसाइटी घरी बसून करतो ना तो...

तुम्हाला सांगतो, त्याच्या बहिणीचं, हर्षदाचं लग्न. कार्यालय यवतचं. मल्हार म्हणला, "छापायची कशाला? वेबसाइटच करतो, लिंक धाडली की झालं." आता पत्रिका म्हंजी खेळ हाय व्हय? कुणाचं नाव वर, कुणाचं केवढं... ह्यावरनं भावकीत बोलणं बंद पडतं! पण त्यानं नीट केलं होतं बरं का. सगळ्यात वर, सगळ्यात मोठं नाव चुलत्याचं, हौसराव आप्पांचं. बाप गेल्यावर ह्या दोघा भावंडांना आप्पांनीच वाढवलं, होती नव्हती ती मेंढरं विकून शिकवलं. कन्यादान बी तेच करणार. आन् सगळ्यात खाली, बारक्या अक्षरात, मंडपवाला महेंद्र.

मंग घोळ कुठं झाला? तर ह्या लोकांचं एक फ्रेमवर्क असतं, म्हंजी तयार मापं. एक नंबरचं हेडिंग सगळ्यात मोठं, मंग दोन, तीन, उतरत उतरत बारीक. त्यात एक सोय हाय... मोबाईलची काच बारकी, म्हणून तिथं अक्षरं आपोआप आक्रसतात. पण आक्रसतं कोण? मोठ्ठं हेडिंग! बारक्याला हात लावायचा न्हाई! मल्हारनं ती सोय चालू केली, लॅपटॉपवर बघितलं, आप्पा केवढे, महेंद्र केवढा, झ्याक! आन् दिली लिंक सोडून गावाला.

मोबाईलवर आप्पा आन् महेंद्र जवळपास एकाच मापाचे!

कोरेगाव भीमाच्या मामांचा फोन, "काय भाचे, मंडपवाला आपला सोयरा कवा झाला?" चुलती बानूबाई तर दारातच येऊन उभी, "आरं, तुझा चुलता सकाळधरनं मोबाईल लांब धरतोय, जवळ धरतोय... च्या बी घेतला न्हाई!"

मल्हार तसाच आप्पांकडं पळत गेला. "आप्पा, लॅपटॉपवर बरोबर दिसत होतं!" आता आप्पांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं का न्हाई? पण न्हाई! शांतपणे म्हणले, "आसू दे रं. येतो की लग्नाला. बसंन मागं कुठंतरी. कन्यादानाचं तुझ्या मामाला सांग."

मागं! ज्यानं खांद्यावर बसवून शाळेत नेलं, तो मागं! पोरगं घरी येऊन रडकुंडीला आलं, मोबाईलसाठी वेगळं दणदणीत माप टाकलं, नाव मधेच तुटू नये म्हणून एका ओळीत बांधलं... तर आडनाव काचेच्या भाईर! बानूबाई म्हणली, "आता कुळातनं बी काढलं का?" मंग मात्र मल्हारनं सगळं होतं तसं करून ठेवलं, आन् परत हात लावायला धजंना.

शेवटी आप्पांच्या पायाशी बसला आन् सगळं समजावलं. आप्पांनी ऐकलं. "म्हंजी जागा कमी पडली की मोठ्यानं आक्रसायचं?"

"व्हय आप्पा."

"मंग त्यात चुकलं काय? आमी जल्मभर तेच केलं."

तुम्हीच सांगा, ह्याच्यापरीस कानाखाली बसलेली बरी का न्हाई? मल्हार म्हणला, "आप्पा, माझंच चुकलं. गावाला धाडायच्या आधी एकदा मोबाईल बघायचा होता. पण तुम्ही पुढं बसला न्हाई, तर हर्षदा बोहल्यावर चढायची न्हाई."

आप्पांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. "लॅपटॉपवर बरोबर दिसतं म्हणतूस न्हवं? मंग त्योच आण कार्यालयात."

आणला! दारातच टेबलावर, अत्तरदाणीशेजारी लॅपटॉप उघडा, आन् त्यावर आप्पांचं नाव हे एवढं! आप्पा फेटा बांधून पुढं. कन्यादान झालं, हर्षदा रडली, मल्हार तिच्यापरीस जास्त रडला. येणारा पाव्हणा थांबतोय, "वा, काय मान दिलाय चुलत्याला!" म्हणतोय, लॅपटॉपचा फोटो काढतोय आन् लगेच स्टेटसला टाकतोय...

आता स्टेटस लोक कशावर बघतात? मोबाईलवर! फोटोत मंडप, फेटे, पाव्हणे, मधी लॅपटॉप, आन् त्यात आप्पांचं नाव मुंगीएवढं! मामा तो मोबाईल घेऊन मल्हारपुढं उभे. मल्हारनं एकदा मोबाईल बघितला, एकदा आप्पांकडं, डोळे मिटले आन् हात जोडून म्हणला, "मामा... लॅपटॉपवर बरोबर दिसत होतं."