अंगठ्याजवळचा टिपका

(मानोरा. बचत गटाच्या खोलीत वारली चित्रांचा पाच दिवसांचा वर्ग चालू आहे. चौथ्या दिवसाची दुपार. बाकीच्या बाया डबे घेऊन बाहेर गेल्या आहेत. आत दोघीच : शिकवणारी योगिनी, वय वीस, आणि तांड्यावरून येणारी नानीबाई राठोड.)

योगिनी : मावशी, हे काय करून राह्यल्या? मी नाचणारी माणसं काढाले सांगतलं होतं. दोन त्रिकोण, वर डोकं. तुमच्या कागदावर त नुसते टिपके.

नानीबाई : माणसं नाही येत मले.

योगिनी : काल त चांगली काढली होती. मी साऱ्या बायांले दाखवली.

नानीबाई : काल तुह्या मनासाठी काढली, बाई. मले माणसं नाही काढाची. मले हे काढाचं हाय. माह्या हातावरचं गोंदण.

योगिनी : मंग त्याच्यासाठी वर्गात कायले बसाचं? हात समोर ठेवा अन पाहून काढा.

नानीबाई : उजव्या हातावर हाय थे. त्याच हातानं ब्रश धरा लागते. काढाले गेलं का हात हालते, गोंदण बी हालते. डाव्या हातानं काढून पाह्यलं, त रेघ कुठच्या कुठं जाते. आठ दिवस भुईवर चुन्यानं काढून पाह्यलं मी. सारा चुना वाया गेला. मंग गटाच्या बाईनं सांगतलं का इथं शिकवतात, म्हणून नाव देलं.

योगिनी : पण उद्या मोठ्या मॅडम कागद तपासाले येतीन. वारली नसन त त्या प्रमाणपत्र नाही देत.

नानीबाई : प्रमाणपत्र कुठं लावू, चुलीच्या मांगं? अन उद्या मी येतच नाही. परवा आमची टोळी ऊसतोडीले चालली, बोचकी बांधा लागतीन. एकदा गेलो का मंग उन्हाळ्यातच वापस. जाच्या आधी माह्यं काम झालं पाह्यजे.

योगिनी : कोणतं काम?

नानीबाई : एका दगडावर काढाचं हाय हे. पांढऱ्या रंगानं.

योगिनी : कोणत्या दगडावर?

नानीबाई : हाय एक. तू पह्यले मले कागदावर बरोबर काढून दे. त्याच्यावरून मी हात बसवतो.

योगिनी : द्या ब्रश इकडं. वर हे तीन टिपके. मंधात शिडी. खाली पाच टिपके, जवळ जवळ. अन इथं, अंगठ्याजवळ, एक एकटा. झालं.

नानीबाई : थो कायले देल्ला?

योगिनी : कोणता?

नानीबाई : थो एकटा. माह्या हातावर कुठं हाय थो? पाह्य बरं नीट.

योगिनी : नाही दिसत. इथं त डाग हाय.

नानीबाई : भाजल्याचा डाग हाय. दहा वर्सं झाली. कढईतलं तेल उडालं, अन टिपका गेला जळून. मी सोता भुलली होती त्याले. तुले कोणं सांगतलं?

योगिनी : मावशी, तुमी राखीच्या आई हा काय? तिच्या याडी?

नानीबाई : तू वळखत होती माह्या राखीले?

योगिनी : अकरावीपासून एका बाकावर बसत होतो आमी. वर्गाच्या रजिस्टरमंदी सात राठोड हायेत, माह्या ध्यानातच नाही आलं. राखी रोज पह्यल्या तासाले बॉलपेननं हे हातावर काढे. डाव्या हातावर, निळ्या शाईनं. हा टिपका सगळ्यात शेवटी दे. म्हणे, याडीच्या हातावर नाही राह्यला आता, पण मले आठवते कुठं होता त.

नानीबाई : घरी त मले कधी दिसलं नाही.

योगिनी : चार वाजता धुवे ना. कॉलेजच्या हापसीवर. म्हणे, याडीनं पाह्यलं त मारन.

नानीबाई : मारलं होतं मी. सातवीत असन तवा. तांड्यावर गोंदणारीण आली होती, अन ही आपली हात पुढं करून बसली. सुई लागाच्या आधी ओढत घरी आणली मी तिले. म्हटलं, शिकून साहेबीण व्हाचं, त हातावर तांडा कायले लिहून घेतं? लोकं हात पाह्यतीन अन बाहेरच उभं करतीन. तशी दोन थापडा देल्ल्या.

योगिनी : तुमी तिच्या भल्यासाठीच केलं.

नानीबाई : भलं कुठं झालं, बाई? आमच्यात म्हणतात, माणूस मेलं का अंगावरचं सारं काढून घेतात. चांदी घेतात, बांगड्या घेतात. गोंदण तेवढं संग जाते. त्याच्यावरून वर वळखतात, का ही कोणाची. माही पोरगी कोऱ्या हातानं गेली. लग्न नव्हतं झालं म्हणून पुरली तिले, वर एक दगड ठुला. त्याच्यावर काढाचं हाय मले. दोन वर्सं झाली, झोप नाही लागत.

योगिनी : मी आली नाही तवा. घरच्यायनं येऊच नाही देल्लं.

नानीबाई : थे जाऊ दे. मले एक सांग. ज्या दिवशी काळीपिवळी जीप उलटली, त्या दिवशी काढलं होतं का तिनं?

योगिनी : हो.

नानीबाई : अन घरी निंगाली तवा हातावर होतं का? दवाखान्यातून बांधूनच देल्ली आमाले. तोंड तेवढं दाखवलं. हात नाही पाह्याले भेटला मले.

योगिनी : होतं, मावशी.

नानीबाई : तू त म्हणली का रोज धुवे.

योगिनी : त्या दिवशी नाही धुतलं. हापसी आटली होती, पाणीच नव्हतं. ते तिच्या संगच गेलं, मावशी. तुमी दगडावर नाही काढलं तरी चालते.

नानीबाई : हापसी आटली होती.

योगिनी : हो.

नानीबाई : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेली ती. आठ दिवसांपासून पाण्याची झड लागली होती. खड्डा खंदला त त्यात पाणी भरे. बादलीनं उपसलं लोकायनं, तवा ठुली तिले. अन तुमच्या कॉलेजची हापसी आटली होती?

योगिनी : मावशी...

नानीबाई : बोल, पोरी. मी रागावत नाही.

योगिनी : धुतलं होतं. हापसी मीच मारली. गाडी निंगून जाईन म्हणून ती घाई करून राह्यली होती, अन शाई लवकर निंगे ना.

नानीबाई : साबण होती का?

योगिनी : नव्हती. रेतीनं घासलं तिनं.

नानीबाई : लाल झाला असन हात.