हरणं दिसतात ती जागा

—नाही, नाही, हळू बोला, बिचकतील. ती बघा, त्या देवदाराखाली – पाच! मागची ती लंगडी आहे ना, तिच्या पोटात पिल्लू आहे. अशी जागा शोधून सापडायची नाही, साहेब. खाली कुरण, वर कडा, कड्याच्या कपारीत गरुडाचं घरटं – अहो, मी शेजारीण, मला काय दलाली मिळायचीय? भाऊंचे, म्हणजे मालकांचे, गुडघे धरलेत, चढवत नाही त्यांना, म्हणून मी आले. रोज दिसतात का? दिसतात की! म्हणजे – मीठ ठेवलं की दिसतात. खडेमीठ हो, चाटायला. भाऊंची बायको, आमची वहिनी, तीस वर्षं ठेवायची, आपली माया म्हणून. आता तिला चार पावलं टाकली की धाप लागते, तर गिऱ्हाईक यायचं असलं की आदल्या दिवशी मी ठेवते – आता हे तुम्हाला कशाला सांगत बसले मी! फसवणूक नाही हो यात, पाहुणा यायचा म्हणून आपण घर झाडतोच की. पूर्वी मीठबीठ काही लागायचं नाही, अख्खा कळप उतरायचा, गाईंच्या वैरणीत तोंड घालायची मेली. मग डोंगराच्या पलीकडच्या अंगाला खाण निघाली, दुपारी सुरुंग लावतात, तेव्हापासून – खाणीचं भाऊ बोलले नाहीत? विसरले असतील. तुम्हाला वेळ सकाळचीच दिली ना? सगळ्यांना सकाळचीच देतात, म्हणजे दुपारचं ते – अगं बाई.

अहो, वही का मिटलीत? धुरळा इथवर येत नाही. फार येत नाही. वहिनीला बाधतो, पण तिची छातीच नाजूक. डॉक्टर म्हणाले, बर्फ पडायच्या आत हिला खाली न्या, नाहीतर पुढचं मला विचारू नका. खाली न्यायचं तर घर हवं, घर हवं तर हे विकायला हवं, आणि हे विकायचं तर माझ्यासारखीनं तोंड मिटून बसायला हवं. तुम्ही सातवे. आधीच्या सहांनाही मीच फिरवलं.

गाडी त्या बाजूला आहे तुमची. थांबा, एवढं एकच करा – ती बघा, खिडकीत बसलीय शाल गुंडाळून. गिऱ्हाईक खाली उतरलं की तिचं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे असतं. तिच्याकडे बघून जरा हसा. नाही, आत जाऊ नका, काही बोलूबिलू नका – नुसतं हसा, आणि जा.