मांजराचा श्रावण

पार्सेजवळच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात पिल्लू न्यायला गेलो होतो. माझ्यापुढे सत्यवतीकाकी होत्या, मांजर मागायला आलेल्या. समोर तिथली सेजल.

"आधी मांजर होतं घरात?"

"होतं गो बाय. श्रावणात गेलं."

"मेलं?"

"मरतंय कशाला? शेजारच्या रोझीकडे गेलं. आमच्याकडे महिनाभर वरणभात, तिच्याकडे रोज बांगडे. गणपतीची चवथ झाल्यावर बोलवायला गेले, तर तिच्या जनेलात बसून गजांतून माझ्याकडे असं बघितलं, जशी मी कुणी परकीच!"

"मग काकी, हेही तसंच जाईल. उपाशी ठेवणाऱ्या घरात आम्ही मांजर देत नाही."

"हे जायचं नाही. याची मासळी श्रावणातही शिजणार. मागीलदारी, वेगळ्या बुडकुलीत."

"आता म्हणताय. घरात सासूबाई असतील, तर त्या तेव्हा शिजवू देतील?"

"देतील काय, त्याच शिजवणार."

"त्या श्रावण पाळत नाहीत?"

"पाळत नाहीत? श्रावण लागला की सुक्या मासळीचा डबासुद्धा घराबाहेर काढतात! पण मांजर गेल्यापासून जेवताना त्याचा घास बाजूला काढतात आणि तसंच बसून राहतात. मी कुठे आले गो, त्यांनीच आणलं मला."

"कुठे आहेत?"

"बाहेर, रिक्षात."

"मग आत बोलवा ना."

"यायच्या नाहीत. नवी बुडकुली मांडीवर घेऊन बसल्यात. मातीची ना, कुणाचा धक्का लागला तर?"